पास हातात, गाडी कुठाय?

एसटीचा पास शाळा-कॉलेजातच मिळणार, ही बातमी २०२५ मध्ये सगळ्यांनी वाचली. १६ जून २०२५ पासून पोरांनी आगाराच्या खिडकीवर रांग लावायची नाही, कर्मचारीच पास घेऊन येणार, असं ठरलं. चांगलंच झालं. पण पाथर्डी तालुक्यातल्या तिसगावसारख्या गावात जूनमध्ये घरोघरी वेगळाच विषय असतो. पोरगं नगरला अप-डाऊन करणार, तर त्याला टू-व्हीलर घ्यायची का? आणि कांद्याला बरा भाव मिळालाय, तर थोडे घालून सेकंडहँड फोर-व्हीलरच का नको?

नगर (कागदोपत्री अहिल्यानगर) इथून चाळीसेक किलोमीटर, मधे करंजीचा घाट. पाथर्डी त्या मानाने हाताशी, शेवगावचा रस्ताही तिसगावातूनच फुटतो. नुसती पदवी हवी असेल तर पाथर्डीचं बाबूजी आव्हाड महाविद्यालय किंवा आदिनाथनगरचं दादापाटील राजळे महाविद्यालय आहे. तरी ओढा नगरकडेच. १९४७ पासूनचं अहमदनगर कॉलेज, न्यू आर्ट्स, शिवाय फार्मसी आणि इंजिनिअरिंग. विळद घाटात प्रवेश मिळाला तर नगर ओलांडून मनमाड रस्त्याने आणखी पुढे, म्हणजे एक गाडी बदलणं आलंच.

आधी हिशेब. जाऊन-येऊन ऐंशी किलोमीटर. मोटरसायकलने पन्नासचं अ‍ॅव्हरेज दिलं तरी रोज दीडशे-पावणेदोनशे रुपयांचं पेट्रोल. चारचाकीला साडेचारशेच्या पुढे. हप्ता, विमा, सर्व्हिसिंग वेगळं. एसटीची २०२५ च्या जानेवारीत जवळपास पंधरा टक्क्यांनी भाडेवाढ झाली, साध्या गाडीचा सहा किलोमीटरचा टप्पा दहा रुपयांवर गेला. तरीही विद्यार्थ्याला पासात ६६.६७ टक्के सवलत आहे, म्हणजे येऊन-जाऊन पन्नास रुपयेसुद्धा पडत नाहीत. पेट्रोलच धरलं तरी चारचाकी नऊ-दहापट महाग.

मग हिशेब समोर दिसत असून बाप कर्ज का काढतो? हौस, भावकीत मान, सगळं असेल. पण मुख्य कारण भरवसा. प्रॅक्टिकल साडेचार-पाचला सुटतं, जर्नलवर सही घ्यायची राहते आणि स्टँडवर यावं तर फेरी रद्द. पुढची गाडी लांब पल्ल्याची आणि आधीच भरलेली. आषाढीला जादा गाड्या पंढरपूरकडे जातात, त्याही ऐन प्रवेशाच्या दिवसांत. विद्यापीठाच्या ७५ टक्के हजेरीच्या नियमाला यातलं काही कळत नाही. २०२१ च्या ऑक्टोबरअखेरपासून पुढच्या एप्रिलपर्यंत एसटीचा संप चालला, तेव्हा अप-डाऊन करणारांच्या घरांनी धडा घेतला तो हाच: दारात स्वतःचं चाक पाहिजे.

या जागी एका अमेरिकन म्हाताऱ्याला मधे आणतो. डोनाल्ड शूप २०२५ च्या फेब्रुवारीत गेले. लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठातले हे प्राध्यापक, आणि आयुष्यभर विषय एकच: पार्किंग. मोटारींच्या त्या शहरात स्वतः सायकलने कॅम्पसला जायचे. २००५ साली त्यांनी फुकट पार्किंगची किंमत मांडणारा सातशेहून अधिक पानांचा ग्रंथ लिहिला आणि जगभरात भक्त मिळवले. हे भक्त स्वतःला ‘शूपिस्ता’ म्हणवतात. पार्किंगचे भक्त! पण म्हणणं साधं होतं. फुकट पार्किंग फुकट नसतं. त्याचे पैसे सगळे भरतात, चालत येणारासुद्धा. आपल्याकडे लावून बघा. एक चारचाकी उभी करायला आणि वळवायला मिळून पंचवीसेक चौरस मीटर जागा लागते. तेवढ्यात पंधरा-वीस पोरांचा वर्ग आरामात बसेल. कॉलेजने पार्किंगचं शेड घातलं की त्यात एसटीने येणाऱ्या पोरीच्या फीचाही वाटा असतो, आणि बसथांब्यावर मात्र ती उन्हात उभी.

शूप यांचं मला जास्त पटतं ते दुसरं काम. विद्यार्थ्यांच्या ओळखपत्रालाच बसचा पास करा आणि बस कंपनीला विद्यापीठाने एकरकमी पैसे द्यावेत, अशी योजना अमेरिकेत अनेक ठिकाणी होती. त्यांनी सहकाऱ्यांबरोबर अशा ३५ विद्यापीठांचा अभ्यास करून २००१ मध्ये निष्कर्ष मांडले. खर्च निघाला माणशी वर्षाला सरासरी तीस डॉलर. कारण सोपं: बस तशीही धावत असते आणि तिच्यात रिकाम्या जागा असतात. यूसीएलएमध्ये २००० साली ‘ब्रुइनगो’ नावाने हीच योजना आली. पहिल्याच वर्षी कॅम्पसला बसने येणाऱ्यांचं प्रमाण ५६ टक्क्यांनी वाढलं, एकट्याने मोटार हाकत येणं २० टक्क्यांनी घटलं. ज्या शहरात पाव आणायलाही मोटार काढतात, तिथे.

आता शूपभक्तांनी रागावू नये, पण त्यांचं औषध इथे जसंच्या तसं लागू पडत नाही. पास तर महाराष्ट्रात आधीच स्वस्त आहे. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ ला धावली तीच मुळी नगर-पुणे. तरी आपल्याकडे अडतं ते गाडीपाशीच. आणि रिकाम्या जागा? सकाळी नगरकडे जाणाऱ्या गाडीत त्या शोधून दाखवाव्यात.

रस्त्याचंही बोललं पाहिजे. हा राष्ट्रीय महामार्ग कल्याण-विशाखापट्टणम या भारदस्त नावाने ओळखला जातो, पण नगर-पाथर्डी तुकड्याचं काम इतकं रेंगाळलं की डिसेंबर २०२२ मध्ये नीलेश लंके (तेव्हा आमदार) यांना जिल्हाधिकारी कार्यालयासमोर उपोषण करावं लागलं. अशा रस्त्यावर अकरावीतल्या पोराच्या हाती किल्ली देणारांना २०१९ ची दुरुस्ती माहीत नसावी. अल्पवयीनाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला २५ हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

ज्यांचा सगळा संसारच कॅम्पसवर आहे, त्यांच्यापुरता गाडीचा प्रश्न कधीच मिटलाय. मुंबई आयआयटीत वसतिगृहातल्या पोरांना मोटरगाडी ठेवता येत नाही. सायकल आणि फुकटची ‘टमटम’ बस यांवर साडेपाचशे एकरांचा कॅम्पस चालतो. अभ्यास बुडाल्याचं ऐकिवात नाही.

अप-डाऊनवाल्यांचं तसं नाही, त्यातही मुलींचं. ग्रामीण भागातल्या मुलीला बारावीपर्यंत अहिल्याबाई होळकर योजनेत पास मोफत. बारावी झाली की मोफत संपतं. २०२४ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना, ठरावीक प्रवर्गांत, व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी पूर्ण माफ आहे. सरकार फार्मसीची हजारोंची फी भरतं आणि तिथवर पोचायच्या पासाचे पैसे मात्र तिच्याकडून घेतं. हे कुणाच्या डोक्यातून निघालं कोण जाणे. पण त्याहून मोठी अडचण अंधाराची आहे. शेवटच्या भरवशाच्या गाडीला उशीर होऊ लागला की आधी घरून फोन वाढतात, मग नगरऐवजी ‘जवळचंच बघू’, मग स्थळं. मुलासाठी मोटरसायकल येते. मुलीसाठी चारचाकी क्वचित येते, आली तरी चालवणारा भाऊ.

आणि या तालुक्यात ऊसतोडीला जाणारी घरं आहेत. दिवाळीनंतर आई-वडील कारखान्यावर, घरी म्हातारी माणसं आणि शिकणारी पोरं. लहान वस्त्यांवर स्टँडपर्यंत सोडायलाही कुणी नसतं. त्या घरांना मुक्कामी गाडी म्हणजेच कॉलेज: रात्री गावात थांबणारी आणि पहाटे निघणारी. मुक्कामी फेऱ्या कमी करताना आगारवाले उत्पन्न मोजतात. त्या फेरीवर किती जणींचं दुसरं वर्ष पुरं होतं, याचा रकाना त्यांच्या तक्त्यात नाही.

पास कॉलेजात द्यायला एसटीचा माणूस येणारच आहे, तर त्याच टेबलावर पाथर्डी आगाराचं आणि कॉलेजचं वेळापत्रक शेजारी-शेजारी ठेवावं. पासाच्या अर्जावर गाव आणि कॉलेज लिहिलेलंच असतं. शेवटचा तास कधी सुटतो एवढंच आणखी विचारायचं. मग साडेपाचची फेरी रद्द करण्याआधी आगारप्रमुखाला समोर आकडा तरी दिसेल.