नाताळचा क्रोशाचा तारा आणि हातांचे मोल

आगमनकाळाचा पहिला रविवार दरवर्षी २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर या दरम्यान येतो. तो जवळ आला की घराघरांतील माळ्यावरचे खोके खाली उतरतात. गोठ्यातील मूर्तींवरची धूळ पुसली जाते, कंदिलाची वायर तपासली जाते. याच खोक्याच्या तळाशी, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेला, पिवळसर पडलेला एखादा क्रोशाचा तारा किंवा देवदूत अनेक घरांत सापडतो. तो आजीने किंवा मोठ्या मावशीने विणलेला असतो. बाकीची सजावट दोन-चार वर्षांत बदलते. हा तारा मात्र कोणी टाकत नाही.

असा तारा घरी कसा विणावा, याची माहिती देण्यासाठी आम्ही हा लेख लिहीत आहोत. त्याबरोबर आणखी एक गोष्ट वाचकांपुढे ठेवावयाची आहे. त्या गोष्टीचे निमित्त आमचीच एक चूक आहे.

काही वर्षांपूर्वी नाताळच्या एका विक्रीत आम्ही भेट देण्यासाठी क्रोशाचे डझनभर तारे निवडले आणि सवयीप्रमाणे भाव कमी करण्यास सांगितले. टेबलामागच्या वृद्ध बाईंनी भाव कमी केला; पण तारे कागदात बांधता बांधता त्या सहज म्हणाल्या, "फादर, रात्री जेवणं झाल्यावर एका बैठकीला दोनच होतात." त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. आम्ही मनाशी हिशेब केला आणि आम्हांला फार ओशाळल्यासारखे झाले. बारा तारे म्हणजे त्यांच्या सहा रात्री होत्या.

साहित्य

क्रोशाची सुई म्हणजे टोकाला आकडा असलेली एकच सुई. ताऱ्यासाठी बारीक सुती दोरा आणि दीड मिलिमीटरच्या आसपासची पोलादी सुई घ्यावी. नवशिक्यांनी थोडा जाड दोरा व थोडी जाड सुई घेतल्यास टाके स्पष्ट दिसतात. लोकरीचा तारा मऊ राहतो व टोके लोंबतात. म्हणून सुती दोराच बरा. पांढरा रंग नेहमीचा आहे. आगमनकाळात लावावयाच्या वस्तूंसाठी जांभळा दोरा आणि तिसऱ्या रविवारसाठी गुलाबी दोरा वापरल्यास घरातील सजावट उपासनेच्या रंगांशी जुळते.

टाक्यांची ओळख

सर्व क्रोशाकाम साखळीपासून सुरू होते. फाशातून दोरा ओढून घेतला की एक साखळी होते. सुईवर वेढा न घेता टाक्यात सुई घालून दोरा ओढावा आणि सुईवरचे दोन्ही फासे एकदम उतरवावेत. हा मुका खांब. आधी एक वेढा घेऊन मग दोरा ओढला की सुईवर तीन फासे होतात. ते तिन्ही एकदम उतरवले तर अर्धा खांब, दोन-दोन करून दोन टप्प्यांत उतरवले तर खांब. दोन वेढे घेऊन तीन टप्प्यांत उतरवला की दुहेरी खांब होतो. टाका मुक्या खांबापासून दुहेरी खांबापर्यंत उंच होत जातो, आणि ताऱ्याचे टोक निमुळते होते ते या उंचीच्या फरकामुळेच.

ताऱ्याची वीण

प्रथम सहा साखळ्या विणून त्या जोडून एक लहान कडे करावे.

पहिली फेरी: तीन साखळ्या विणाव्यात, त्या पहिला खांब म्हणून धरल्या जातात. मग कड्याच्या आत आणखी चौदा खांब विणावेत. एकूण पंधरा झाले की फेरी पहिल्या खांबाच्या डोक्याशी जोडावी. येथे थांबून खांब पुन्हा मोजावेत. चौदा किंवा सोळा झाले असतील तर शेवटचे टोक बसत नाही आणि सगळे उसवावे लागते. नवशिक्यांची चूक बहुधा येथेच होते.

दुसरी फेरी: सहा साखळ्या विणाव्यात. सुईजवळची एक साखळी सोडून त्याच साखळ्यांवरून मागे येताना क्रमाने एक मुका खांब, एक अर्धा खांब, दोन खांब आणि एक दुहेरी खांब विणावा. त्यानंतर खालच्या फेरीतील दोन खांब सोडून तिसऱ्यात जोडून घ्यावे. हे एक टोक झाले. असेच पाच वेळा केले की पंधरा खांब पुरतात आणि पाच टोकांचा तारा तयार होतो. एका टोकाला दोऱ्याचा फासा ठेवला की तो टांगता येतो.

तारा विणून झाल्यावर वाटीसारखा खोलगट दिसला तर निराश होऊ नये. हात घट्ट असला की असे होते, आणि खळ देताना ते बऱ्याच अंशी सुधारते.

खळ देणे

चमचाभर मक्याचे पीठ कपभर थंड पाण्यात कालवून, सतत ढवळत पारदर्शक होईपर्यंत शिजवावे. साबुदाण्याची खळही चालते. तारा धुऊन, पिळून, कोमट खळीत बुडवावा व जादा खळ बोटांनी निपटून काढावी. थर्मोकोलच्या तुकड्यावर प्लॅस्टिकचा कागद पसरून त्यावर डब्याच्या झाकणाने वर्तुळ आखावे, त्यावर पाच खुणा सारख्या अंतरावर कराव्यात आणि प्रत्येक टोक ताणून एकेका खुणेवर टाचणीने बसवावे. टाचण्या न गंजणाऱ्या असाव्यात. गंजाचा डाग सुती दोऱ्यावरून सहजी जात नाही. पूर्ण वाळल्यावरच तारा सोडवावा.

पूर्वी साखरेच्या घट्ट पाकाने कडकपणा आणण्याची रीत होती. आपल्या किनारपट्टीच्या दमट हवेत मात्र पाकाला ओल सुटते व मुंग्या लागतात. खळीलाही कीड लागू शकते. म्हणून सण संपल्यावर तारे साध्या पाण्यात धुऊन, खळ काढून, कोरडे करूनच खोक्यात ठेवावेत आणि पुढच्या वर्षी पुन्हा खळ द्यावी. सुती दोरा चटकन पेट घेतो, तेव्हा हे तारे मेणबत्तीपासून दूर टांगावेत, हेही सांगणे आवश्यक आहे.

या सुईमागचा इतिहास

आज फुरसतीचा छंद समजले जाणारे हे काम एके काळी उपासमारीवरचा उपाय होते. आयर्लंडमध्ये १८४५ पासून बटाट्याच्या पिकावर रोग पडला आणि पुढील काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसे मृत्युमुखी पडली. त्या दुष्काळाच्या काळात कॉर्कजवळील ब्लॅकरॉक येथील उर्सुलाइन धर्मभगिनींनी मुलींना क्रोशा शिकवला. क्लोन्स येथे प्रॉटेस्टंट धर्मोपदेशकाची पत्नी कॅसांड्रा हँड यांनी तेच काम उभे केले. व्हेनिसची सुईने विणलेली लेस तयार होण्यास फार काळ लागे. आयरिश स्त्रियांनी तिच्यासारखी नक्षी क्रोशाने पुष्कळ कमी वेळात उतरवली. त्या कमाईवर कित्येक कुटुंबे तगली.

आपल्या देशातही मिशनरी कुटुंबांनी एकोणिसाव्या शतकात आंध्रमधील गोदावरीच्या मुखाजवळील नरसापूर परिसरात ही कला नेली. तेथील क्रोशा लेसला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. परंतु त्याच नरसापूरविषयी समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी १९८२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात एक कटू सत्य मांडले होते. दिवसाचे कित्येक तास लेस विणणाऱ्या त्या स्त्रियांना कामगार मानले जात नव्हते. त्या 'गृहिणी' आणि त्यांचे काम 'फावल्या वेळचे', अशी सर्वांची समजूत होती. म्हणून मजुरी तुटपुंजी राहिली आणि नफा निर्यात करणाऱ्या व्यापाऱ्यांकडे गेला.

'फावल्या वेळचे काम' हे शब्द आपल्याही तोंडी किती सहज असतात! रुखवतात मांडलेला क्रोशाचा रुमाल, शेजारच्या दारावरचे विणलेले तोरण, वेदीवरील वस्त्राची किनार, बाप्तिस्म्याच्या बाळाचे टोपडे, या सर्वांचे कौतुक आपण करतो. पण त्यांमागचे तास कोणी मोजत नाही.

स्वेटर यंत्रावर विणले जातात, लेसच्या पट्ट्याही यंत्रावर निघतात. पण खरा क्रोशा मोठ्या प्रमाणावर विणणारे यंत्र अद्याप बाजारात आलेले नाही. याचा अर्थ असा, की दुकानात अगदी स्वस्तात मिळणारा क्रोशाचा ताराही कोणाच्या तरी बोटांनीच विणलेला असतो. तो इतका स्वस्त असेल, तर त्याची उरलेली किंमत कोणी तरी सोसलेली असते.

काय करता येईल?

आगमनकाळाच्या चार आठवड्यांत प्रत्येक कुटुंबाने निदान एक तारा घरी विणून पाहावा, अशी आमची सूचना आहे. हे काम केवळ मुलींचे समजू नये. मुलग्यांनी व वडिलांनीही सुई हाती घ्यावी. घरात किंवा शेजारी विणणाऱ्या आजी असतील तर त्यांच्याजवळ बसावे. पुस्तकातील कृतीने टाका समजतो; दोरा बोटावर किती सैल धरावा, हे शेजारी बसल्यावाचून कळत नाही. ज्यांनी ही वीण मनात जपली आहे त्यांच्यापैकी अनेकांची दृष्टी आता अधू होत आहे, तेव्हा हे शिकणे पुढच्या वर्षावर टाकू नये.

आणि ज्यांना विकत घ्यावयाचा असेल त्यांनी विणणाऱ्या व्यक्तीला आधी एक प्रश्न विचारावा: "याला किती वेळ लागला?" उत्तर ऐकल्यावर भाव करण्याची इच्छा बहुधा राहणार नाही. आमची तरी राहिलेली नाही.

पूर्वेकडील ज्ञानी लोक ताऱ्याच्या मागे चालत आले ते एका गरीब मातेच्या दारापर्यंत. आपल्या खिडकीतील ताऱ्यानेही आपल्याला तो विणणाऱ्या हातांपर्यंत न्यावे. सर्व वाचकांना आगमनकाळ फलदायी होवो.