गाडी पाहा, तसा माणूसही पाहा

दसरा-दिवाळी जवळ आली की आपल्या भागात घरोघरी एक विषय हमखास निघतो. कुणाच्या उसाचे बिल जमा झालेले असते, कुणाचा मुलगा बेंगळुरूहून बोनस घेऊन आलेला असतो, आणि जेवताना चारचाकीची गोष्ट सुरू होते. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या मोटारींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तेव्हापासून ही चर्चा अधिकच रंगू लागली आहे. मायलेज, रंग, हप्ता, सगळे बोलून होते. पण ज्या शोरूममधून गाडी घ्यायची तिथे माणसांना कसे वागवतात, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही.

वागणुकीचा विषय निघाला की मला तुमकूरची घटना आठवते. जानेवारी २०२२ मध्ये तिथल्या एका शोरूममध्ये एक तरुण शेतकरी मित्रांना घेऊन मालवाहू गाडी पाहायला गेला. त्याची पारख कपड्यांवरून झाली. खिशात दहा रुपये नसतील आणि दहा लाखांची गाडी बघायला आलास, अशा आशयाचे त्याला ऐकवले गेले. त्या गड्याने तासाभरात दहा लाख रुपये आणून समोर ठेवले. तेव्हा शोरूमकडे त्याच दिवशी द्यायला गाडी नव्हती! प्रकरण देशभर गाजले आणि शेवटी त्याची माफी मागण्यात आली.

आपल्या वाट्याला बहुतेक वेळा याच्या उलट अनुभव येतो. दारातच "बर्री सर, कूड्री" होते. आपण मराठीत बोललो की तो मुलगा मराठीत बोलतो, सोबतचे मामा कन्नडात बोलले की लगेच कन्नडात. चहा येतो, बिस्किटे येतात. आणि गोड बोलता बोलता कोटेशनमध्ये विमा, सीट कव्हर, कोटिंग, वाढीव वॉरंटी अशा एकेक ओळी वाढत जातात.

हा अपमान आणि हा गोडवा, दोन्हींचे मूळ मला आमच्या शेजारच्या मुलामुळे कळले. तो दोन वर्षे एका शोरूममध्ये सेल्समन होता. ठरलेला पगार थोडा, बाकी सारे इन्सेंटिव्हवर. महिन्याला किती गाड्या विकल्या याचे टार्गेट असेच, शिवाय किती विमे, किती कर्जे आणि किती अ‍ॅक्सेसरीज याचा हिशेब वेगळा. तो म्हणायचा, "काका, गिऱ्हाईक विमा बाहेरून घेतो म्हणाले की मॅनेजर आधी माझ्याकडे बघायचा." पाडव्याच्या दिवशी एकामागून एक डिलिव्हरी. लोकांच्या गाड्यांना हार घालून, फोटो काढून तो घरी येईपर्यंत रात्रीचे नऊ वाजत. आई पूजेची तयारी करून वाट पाहत बसलेली असे. ज्याच्याकडून विक्री होईल असे वाटत नाही, त्याच्यावर वेळ घालवणे अशा नोकरीत परवडत नाही. म्हणून उद्धटपणा माफ होत नाही, पण त्याचे कारण तरी समजते.

हा दबाव वरूनही येतो. ऑगस्ट २०२१ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने मारुती सुझुकीला २०० कोटी रुपयांचा दंड ठोठावला. ठरवून दिलेल्या मर्यादेपेक्षा जास्त सूट देण्यास कंपनी डीलरांना मज्जाव करते, असा आयोगाचा निष्कर्ष होता. ग्राहक बनून माणसे पाठवली जात आणि जादा सूट दिल्याचे आढळले की डीलरबरोबर सेल्समनलाही दंड बसे, असे आयोगाने नोंदवले. कंपनी या निर्णयाविरुद्ध अपिलात गेली. पण "साहेब, माझ्या हातात काही नाही" असे तो मुलगा म्हणतो, तेव्हा ते दरवेळी नाटक नसते, एवढे यावरून ध्यानात यावे.

म्हणून भांडण माणसाशी नको, कागदाशी असावे. शोरूममधूनच विमा घ्या, अशी सक्ती करता येत नाही. विमा नियामक प्राधिकरणाने डीलरांच्या विमाविक्रीसाठी २०१७ मध्येच नियम घालून दिले आहेत. नव्या मोटारीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा २०१८ पासून सक्तीचा आहे, पण तो कोणत्या कंपनीचा घ्यायचा हे आपण ठरवायचे. 'हँडलिंग'च्या नावाखाली काही हजार लावले असतील तर तो सरकारी कर नव्हे; कशाचे पैसे ते लेखी मागावे. दहा लाखांवरच्या गाडीला १ टक्का टीसीएस लागतो, तो मात्र प्राप्तिकराचे विवरणपत्र भरताना वळता करून घेता येतो. टायरवरच्या चार आकडी खुणेवरून तो कोणत्या वर्षीच्या कोणत्या आठवड्यात तयार झाला ते कळते. हार घालण्याआधी तेवढे पाहून घ्यावे.

आपल्या सीमाभागासाठी आणखी एक गोष्ट. करात फरक पडतो म्हणून काही जण कोल्हापूरला गाडी घेऊन तिथलाच नंबर ठेवतात. पण दुसऱ्या राज्यात गाडी बारा महिन्यांहून अधिक ठेवली, तर तिथे नव्याने नोंदणी करावी लागते. तक्रारीचे मात्र तसे नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार, गाडी कोल्हापूरची असली तरी आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर मराठीत बोला किंवा कन्नडात, दोन्ही चालते.

ओळखीचे कुणी गाडी घ्यायला निघाले की मी त्यांना शोरूममधल्या मुलांना एवढेच विचारायला सांगतो, "तुम्ही इथे किती वर्षे आहात?" जिथे चार-पाच वर्षांची जुनी माणसे टिकून आहेत, तिथे गाडी घेतल्यानंतर सर्व्हिसिंगलाही ओळखीचा चेहरा भेटण्याची शक्यता जास्त. आणि डिलिव्हरीला उशीर झाला तर मॅनेजरला लेखी विचारावे, त्या मुलावर आवाज चढवू नये. पाडव्याच्या दिवशी त्याच्याही घरी कुणीतरी पूजेसाठी खोळंबलेले असते.