मैदानाचं पत्रक आणि शिबिराची नोटीस

कुस्तीचं मैदान भरायचं असलं की त्याचं पत्रक आमच्या करकंब गावातल्या हॉटेलात, सलूनमध्ये, दूध संकलन केंद्राच्या भिंतीवर लागतं. माणसं ते उभ्या उभ्या वाचतात, शेजारच्याला वाचून दाखवतात आणि तिथंच वाद सुरू होतो. एक नंबरची कुस्ती कोणाविरुद्ध कोणाची, पैलवान कुठल्या तालमीचा, वस्ताद कोण, इनाम किती आणि कोणाकडून, मैदान किती वाजता सुरू होणार, हे सगळं त्या एका कागदावर असतं. पण याच गावात मुलांच्या मोफत उन्हाळी खेळ शिबिराची नोटीस फलकावर लागली, की ती तिथंच पिवळी पडते.

अशा शिबिरांची माहिती घरोघरी पोचवायच्या कामात मी काही उन्हाळे आहे. नोटीस हातात आली की आधी ती सावकाश वाचायची, ही सवय मला या कामानं लावली. वर जावक क्रमांक आणि विषय. मग अध्यक्ष, उद्घाटक, प्रमुख उपस्थिती. शेवटी ‘जास्तीत जास्त खेळाडूंनी लाभ घ्यावा’. शिकवणार कोण, मैदान कोणतं, सुटणार किती वाजता, याचा पत्ता नसतो. हा कागद वरच्या कार्यालयाला दाखवायला आणि फाइलला लावायला लिहिलेला असतो, आणि त्या कामाला तो पुरतो. पोरं मैदानावर आणायची तर दुसरा कागद लिहावा लागतो.

तो कोणासाठी लिहायचा, यावर माझं मत ठाम आहे. दहा-बारा वर्षांच्या मुलीला शिबिराला पाठवायचं की नाही, हे तिची आई ठरवते, नाहीतर आजी. दारात उभं राहून बोलताना त्यांचे प्रश्न ऐकले, की पत्रकाचा मजकूर आपोआप तयार होतो. शिकवायला बाई आहेत का? दिवेलागणीच्या आत घरी येईल ना? तिथं शौचालय आहे का, पाणी आहे का? बूट घ्यावे लागतील का? ‘अनवाणी आली तरी चालेल’ एवढं एक वाक्य पत्रकात घातलं, की पुष्कळ घरांतली अडचण संपते. मात्र जे लिहिलं ते मैदानावर दिसलं पाहिजे. शौचालयाला कुलूप असेल तर पत्रक छापण्याआधी किल्ली मिळवावी.

खेळाचं नाव सांगतानाही गावाला ओळखीचं काही धरावं. आमच्याच पंढरपूर तालुक्यातली वाडीकुरोली खो-खोसाठी ओळखली जाते. जानेवारी २०२५मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला आणि पुरुष व महिला या दोन्ही गटांत भारत जिंकला. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. हे ऐकल्यावर आया पोरींकडे जरा वेगळ्या नजरेनं बघतात. ‘क्रीडा संस्कृतीचा विकास’ या शब्दांनी तसं होत नाही.

मग वेळ. आमच्या भागात द्राक्षाची काढणी, बेदाण्याची शेडं आणि एप्रिलची खरड छाटणी एकामागून एक येतात. त्या दिवसांत सकाळी दहाला शिबिर ठेवायचं म्हणजे निम्म्या घरांना नको म्हणण्यासारखं आहे. ऊनही सोसवत नाही. सायंकाळी पाच ते साडेसहा ही वेळ बायकांनीच सुचवलेली, आणि मला तीच योग्य वाटते. साखर कारखान्याच्या हंगामात कोपीवर राहणारी ऊसतोड कामगारांची मुलं तर गावातल्या कुठल्याच व्हॉट्सॲप ग्रुपवर नसतात. उन्हाळ्यापर्यंत ती आपल्या गावी परततात. त्यांच्यासाठी खेळ थंडीत ठेवावे लागतील आणि निरोप मुकादमाच्या हाती द्यावा लागेल. हे अजून कोणी नीट केलेलं मी पाहिलेलं नाही, आणि ते मला फार लागतं.

वाड्या-वस्त्यांवरची माणसं एका जागी भेटतात ती बाजाराच्या दिवशी. इथली बाजार आमटी लांबवर माहीत आहे, आणि तिच्या नावातच बाजार आहे. भाजी घेऊन परत निघालेल्या बाईच्या हातात पत्रक द्यावं आणि दोन वाक्यं बोलावीत. आधी बोलावं, मग कागद द्यावा, कारण नुसता दिलेला कागद पिशवीच्या तळाशी जातो. दुसरी चांगली जागा म्हणजे पहाटेची दुधाची रांग. व्हॉट्सॲप आठवण द्यायला चांगलं, पहिल्या बोलावण्याला अपुरं. शिवाय ग्रुपवर हारतुऱ्यांचेच फोटो फार फिरतात. त्याऐवजी गावच्या पोरी पळताना दिसणारी अर्ध्या मिनिटाची चित्रफीत टाकावी, अर्थात आईवडिलांना विचारून.

चौकातल्या मोठ्या डिजिटल बोर्डावर प्रचाराचे बहुतेक पैसे जातात, याचं मला वाईट वाटतं. त्यावर चेहरे मोठे आणि वेळ बारीक अक्षरात. त्याच पैशात स्पीकर लावलेली रिक्षा वस्त्यांवर फिरेल, पत्रकंही छापून होतील. कशाचा उपयोग झाला हे कळायला नावनोंदणीच्या वहीत एक रकाना वाढवला की पुरे : ‘कोणाकडून कळलं?’ आमच्याकडे मुली बहुतेकदा मैत्रिणीचं नाव सांगतात. म्हणून पहिल्या दिवशी आलेल्या प्रत्येकीच्या हाती घरी जाताना आणखी एक पत्रक द्यायचं.

आणि कुस्तीवाल्यांकडून एक गोष्ट उचलावीच. समारोपाला भाषणं कमी करून सामना ठेवावा आणि त्याचं वेगळं पत्रक काढावं. कुठल्या वस्तीचा संघ कुठल्या वस्तीविरुद्ध, कर्णधार कोण, पंच कोण, सामना किती वाजता. घरच्यांच्या परवानगीनं पोरींची नावं छापली, की मामा, चुलते, आज्या बघायला येतात. त्यांच्यासाठी सावलीच्या बाजूला सतरंज्या टाकाव्यात, आणि पुढच्या शिबिराची नोंदणी कुठे व कोणत्या बाईंकडे करायची, ते त्याच पत्रकाच्या तळाशी ठळक छापावं.