सांध्यात पेरलेली भुकटी

अ‍ॅल्युमिनियम वितळवून जोडायचे म्हटले की अडचण पृष्ठभागापासूनच सुरू होते, कारण हवा लागताच त्यावर ऑक्साइडचा पातळ थर धरतो, शुद्ध धातू 660 अंश सेल्सिअसला वितळत असताना हा थर दोन हजार अंशांच्या पुढे गेल्याशिवाय हलत नाही, आणि वितळलेल्या रसाने ओलाव्यातून घेतलेला हायड्रोजन थिजताना बारीक पोकळ्या मागे ठेवतो. विमानांसाठी वापरल्या जाणाऱ्या अनेक उच्च ताकदीच्या मिश्रधातूंना तर थिजतानाच तडे जातात, त्यामुळे तेथे दीर्घकाळ वेल्डिंगपेक्षा रिव्हेटवरच भिस्त राहिली. 1991 मध्ये इंग्लंडमधील केंब्रिजजवळच्या द वेल्डिंग इन्स्टिट्यूटमध्ये वेन थॉमस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधलेल्या फ्रिक्शन स्टर वेल्डिंगने, म्हणजे घर्षणाच्या उष्णतेने धातू मऊ करून तो ढवळत जोडण्याच्या पद्धतीने, वितळण्याचा टप्पाच वगळला आणि त्याबरोबर या बहुतेक अडचणीही टाळल्या.

पुण्याजवळच्या मुळशी तालुक्यात या विषयाची दोन टोके एकमेकांपासून फार लांब नाहीत. लवळ्याच्या टेकडीवर सिम्बायोसिसचे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, तर पिरंगुट-उरवडे पट्ट्यात लहानमोठे कारखाने आहेत. पुणे परिसरातील वाहनउद्योगाला वजन घटवायचे आहे, विजेवरील गाड्यांच्या बॅटरीखाली बसणाऱ्या शीतन-प्लेटांना गळती न होणारे सांधे हवे आहेत, आणि पुणे मेट्रोच्या डब्यांचा सांगाडाही अ‍ॅल्युमिनियमचाच आहे. या पद्धतीला प्रत्येक वेळी महागडे खास यंत्र लागतेच असे नाही, आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या कार्यशाळांत तर बहुधा मजबूत बांध्याच्या उभ्या मिलिंग मशीनवरच असे प्रयोग केले जातात, हा तिचा मोठा गुण म्हटला पाहिजे.

अशा प्रयोगात 6061 या मिश्रधातूच्या साधारण सहा मिलिमीटर जाडीच्या दोन पट्ट्या कडेला कड भिडवून, खाली पोलादी बॅकिंग प्लेट ठेवून, क्लॅम्पने इतक्या घट्ट आवळतात की हत्यार मधून जाताना त्या बाजूला सरकू नयेत. सांधा अधिक बळकट व्हावा म्हणून त्यात भुकटी घालायची असल्यास भिडणाऱ्या कडांवर आधी एखादा मिलिमीटर रुंद खाच पाडतात, तीत सिलिकॉन कार्बाइड, अ‍ॅल्युमिना किंवा बोरॉन कार्बाइड यांपैकी एखाद्या सिरॅमिकची, म्हणजे अतिशय कठीण व उष्णतेला न दबणाऱ्या अधातूची, बारीक पूड दाबून भरतात, आणि ती उडून जाऊ नये म्हणून पिन नसलेले सपाट हत्यार वरून एकदा फिरवून खाचेचे तोंड लिंपून टाकतात. मग खरे हत्यार लावले जाते: एच-13 सारख्या टूल स्टीलचा दंडगोल, त्याच्या तळाची रुंद बैठक म्हणजे शोल्डर, आणि त्यातून खाली आलेली, पट्टीच्या जाडीपेक्षा किंचित आखूड अशी पिन. स्पिंडल मिनिटाला हजाराच्या आसपास फेरे घेत असताना पिन सांध्यात हळूहळू उतरते, शोल्डर पृष्ठभागाला टेकते, धातू मऊ होईपर्यंत हत्यार जागच्या जागी फिरत राहते, आणि त्यानंतरच टेबलाची फीड, म्हणजे सांध्याच्या रेषेत पुढे सरकणे, सुरू करतात. हत्यार मागच्या बाजूला दोन-तीन अंश कललेले असल्यामुळे शोल्डर मऊ धातू मागे दाबत जातो आणि पृष्ठभागावर अर्धवर्तुळाकार रेघांची एकसारखी रांग उमटते. कडेला फ्लॅश, म्हणजे दाबून बाहेर आलेल्या धातूची कात्रीदार झालर, फार दिसू लागली तर हत्यार गरजेपेक्षा खोल गेले असे समजावे.

या सगळ्यात तापमान साधारण 400 ते 500 अंशांच्या दरम्यान राहते, म्हणजे धातू शेवटपर्यंत घनरूपच असतो, आणि भुकटी घालण्याच्या कल्पनेला बळ मिळते ते नेमके याच गोष्टीमुळे. वितळलेल्या अ‍ॅल्युमिनियममध्ये सिलिकॉन कार्बाइड फार वेळ राहिले तर अ‍ॅल्युमिनियम कार्बाइड हे ठिसूळ आणि पाण्याने कुजणारे संयुग तयार होण्याची भीती असते, शिवाय घनता वेगळी असल्याने कण तळाशी बसतात किंवा थिजणाऱ्या रसापुढे ढकलले जातात. घन अवस्थेत ढवळल्यास या गोष्टींना फारसा वाव मिळत नाही. 2003 मध्ये अमेरिकेत राजीव मिश्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 5083 मिश्रधातूच्या पृष्ठभागात अशाच ढवळण्याने सिलिकॉन कार्बाइड मिसळून दाखवले होते, आणि पृष्ठभागासाठी वापरलेली ती युक्ती सांध्याच्या पोटातही लागू पडते.

कणांमुळे बळकटी येण्याची कारणे एकाहून अधिक आहेत. ढवळलेल्या भागातील धातूचे स्फटिककण तुटून नव्याने, अगदी बारीक असे घडतात, आणि उष्णतेने ते पुन्हा वाढू पाहतात तेव्हा सिरॅमिकचे कण त्यांच्या सीमा अडवून धरतात; धातू वाकताना स्फटिकांतून सरकणाऱ्या दोषरेषांना, ज्यांना विस्थापने म्हणतात, हेच कण वाटेत आडवे येतात; आणि अ‍ॅल्युमिनियम उष्णतेने सिलिकॉन कार्बाइडच्या पाच-सहा पट प्रसरण पावत असल्याने, थंड होताना कणांभोवती नवी विस्थापने निर्माण होऊन तो भाग आणखी कठीण होतो. मात्र हा सगळा हिशेब कण सुटे-सुटे पसरले असतील तरच जुळतो. पिठल्यात बेसन एकदम ओतले की गुठळ्या धरतात तसेच अतिसूक्ष्म कण एकमेकांना चिकटून पुंजके करतात, आणि असा पुंजका सांध्याला आधार देण्याऐवजी तड्याला सुरुवातीची जागा देतो. म्हणून हत्यार त्याच रेषेवरून दोन-तीनदा फिरवतात आणि दर वेळी फिरण्याची दिशा उलटी करतात, कारण हत्याराच्या परिघाची गती आणि प्रवासाची दिशा ज्या बाजूला एकच असते तेथे धातू वेगळा वाहतो व समोरच्या बाजूला वेगळा, त्यामुळे एकाच दिशेच्या फेरीत भुकटी एका अंगाला साचून राहते.

येथपर्यंतचे वर्णन वाचून भुकटी घातली की सांधा पक्का, असा समज होणे स्वाभाविक आहे, पण 6061 च्या बाबतीत तो घाईचा ठरेल. या मिश्रधातूची टी-6 अवस्थेतील सुमारे 310 मेगापास्कलची ताकद मॅग्नेशियम आणि सिलिकॉन यांच्या, तापवून व मुरवून मुद्दाम वाढवलेल्या, अत्यंत सूक्ष्म अवक्षेपांवर, म्हणजे धातूच्या आत वेगळ्या पडलेल्या कणांवर, उभी असते, आणि ढवळलेल्या भागाच्या दोन्ही बाजूंना जो पट्टा नुसता तापतो पण ढवळला जात नाही, तेथे हे अवक्षेप फुगून विरळ होतात व धातू मऊ पडतो. भुकटी या पट्ट्यात पोहोचतच नाही. त्यामुळे काठिण्य मोजले तर सांध्याच्या मध्यावर आकडा उत्तम चढलेला दिसतो, आणि तोच नमुना ताणयंत्रात धरला तर मध्य शाबूत राहून तो शेजारच्या मऊ पट्ट्यात तुटतो. म्हणजे एका मोजणीत मिळालेला लाभ दुसरीत दिसेलच याची खात्री नाही. त्यातही पेच असा की कण नीट पसरवण्यासाठी वाढवलेली प्रत्येक फेरी त्या पट्ट्याला नव्याने तापवते. अशा नमुन्यांच्या अहवालांत केवळ मध्यावरचे काठिण्य ठळक छापले असेल तर वाचकाने तुटण्याची जागा आधी शोधावी, असे सुचवावेसे वाटते.

यावर उपाय आहेत: फीड वाढवून उष्णता कमी देणे, सांधा पाण्याने थंड ठेवणे, किंवा जोडून झाल्यावर संपूर्ण भाग पुन्हा तापवून-मुरवून अवक्षेप नव्याने घडवणे, जे लहान भागाला जमते आणि मेट्रोच्या डब्याच्या लांबलचक पत्र्याला जमत नाही. 5083 सारख्या, उष्णतोपचारावर अवलंबून नसलेल्या मिश्रधातूत हा पेच बराच सौम्य असतो, विशेषतः पत्रा आधीच नरम अवस्थेतला असेल तर. आणि जेथे ताणापेक्षा घासण्याला तोंड द्यायचे आहे तेथे भुकटीचा उपयोग निर्विवाद वाटतो. किंमत मात्र हत्याराच्या रूपाने चुकवावी लागते, कारण तेच कठीण कण पिनचे आटे झिजवतात, झिजलेली पिन धातू नीट ढवळत नाही आणि सांध्याच्या पोटात बाहेरून न दिसणारा बोगदा राहून जातो, जो क्ष-किरण किंवा अल्ट्रासॉनिक तपासणीतच सापडतो. पुढे त्याच सांध्यात भोक पाडायची वेळ आली तर साध्या हाय-स्पीड स्टीलच्या ड्रिलची धार लवकर जाते आणि कार्बाइडचे हत्यार लावावे लागते.