तिजोरीतला पावसाळा

जुलैमध्ये हॉस्टेलच्या कपाटातला बेल्ट काढावा तर त्यावर पांढरी बुरशी! आपण काय करतो? पँटला पुसतो आणि लेक्चरला पळतो. बेल्टचं निभावतं हो. पण तीच बुरशी कागदावर चढली की काय होतं, ते मी घरी पाहिलंय.

माझं घर धडगावचं. वडील शिक्षक. घरात एक जुनी, सेकंडहँड घेतलेली फायरप्रूफ तिजोरी आहे. आत आईची चांदी, आणि त्याहून जास्त जागा अडवून बसलेले आजूबाजूच्या पाड्यांवरच्या लोकांचे कागद. कुडाच्या घरात कागद टिकत नाहीत, म्हणून लोक ते बाबांकडे आणून ठेवतात. हे कागद वनहक्क दाव्यांचे. 2006 च्या कायद्याप्रमाणे 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून जमीन ताब्यात असल्याचे पुरावे लागतात. पूर्वी जंगलात शेती केली म्हणून ज्यांना दंड झाला, त्यांच्यासाठी आज ती दंडाची पावतीच पुरावा ठरते. ज्या कागदाने खिसा कापला तोच आता जमीन राखणार!

एका ऑगस्टमध्ये बाबांनी तिजोरी उघडली तर कुबट वास आला. गठ्ठ्यातले खालचे कागद एकमेकांना चिकटलेले, एका पावतीवर शाई फुटून नावाचा नुसता निळा डाग. ज्यांची पावती होती ते आजोबा आले, ती उजेडाकडे धरून बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, "गुरुजी, वर्ष तर दिसतं." बाबांना त्या दिवशी जेवण गेलं नाही. पुढे गावातल्या इतर वडीलधाऱ्यांचे जबाब लिहून जोडले. नियमांत तोही पुरावा चालतो, म्हणून निभावलं.

लोखंडाच्या बंद पेटीत पाणी आलं कुठून? मी तेव्हा सेकंड इयरला. थर्मोडायनॅमिक्स नुकतंच झालेलं, त्यामुळे अंगात जोर होता. 28 अंशाला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त 27 ग्रॅम वाफ मावते. आमची तिजोरी साधारण 100 लिटरची, म्हणजे पूर्ण भरली तरी पावणेतीन ग्रॅम. आर्द्रता 90 टक्क्यांवरून 50 वर आणायला एखादा ग्रॅम पाणी काढलं की झालं! मी ऐटीत सिलिका जेलची 100 ग्रॅमची पुडी ठेवली आणि शेजारी एक छोटा डिजिटल आर्द्रतामापक. दुसऱ्या दिवशी आकडा खाली आला. आठवड्याने पुन्हा 80 च्या वर.

चूक अशी, की मी फक्त हवा मोजली. कागद मोजलाच नाही. कागद हा स्पंजच. दमट हवेत तो आपल्या वजनाच्या बारा-तेरा टक्के पाणी धरतो, 50 टक्के आर्द्रतेला सहा-सात. आत आठ किलो कागद, म्हणजे फरक चारशे ग्रॅमच्या आसपास. 50 टक्के आर्द्रतेला सिलिका जेल आपल्या वजनाच्या पाचव्या-चौथ्या हिश्शाइतकंच पाणी धरतं. म्हणजे पुडी नाही, दोन किलो जेल हवं होतं!

शिवाय खुद्द तिजोरीच घरभेदी. बऱ्याच फायरप्रूफ तिजोऱ्यांच्या भिंतींत जिप्सम किंवा काँक्रीटसारखा माल भरलेला असतो. जिप्सममध्ये वजनाच्या सुमारे 21 टक्के पाणी बांधलेलं असतं. आग लागली की ते वाफ होऊन उष्णता खातं, म्हणून तर कागद वाचतात. पण त्या भरावात मुरलेली जास्तीची ओल एरवीही हळूहळू आत येते. आगीपासून वाचवणारी भिंतच बुरशीला पाणी पाजते.

मित्रांनी उपाय भरपूर सुचवले. मीठ ठेव म्हणाले. पण मीठ हवेतली ओल ओढायला लागतं ते 75 टक्क्यांच्या वर, आणि बुरशीला 65-70 पुरते. कळीचा चुना पाणी चांगलं ओढतो, पण त्याची दाहक भुकटी कागदाशेजारी नको. एकाने आत बल्ब लावायला सांगितलं. तत्त्व बरोबर आहे. 28 अंशाची 90 टक्केवाली हवा 33 अंशाला नेली की आर्द्रता 70 च्या आत येते, पाणी मात्र तेवढंच राहतं. वीज गेली की पुन्हा जैसे थे, आणि पावसात आमच्याकडे वीज किती जाते ते विचारू नका. कागदाशेजारी तापलेला बल्ब, हाही काही फार शहाणपणा नाही.

शेवटी युक्ती मिळाली ती आमच्या आमचूरकडून. धडगावचा आमचूर प्रसिद्ध. उन्हाळ्यात कैरीच्या फोडी वाळवतात आणि पाऊस यायच्या आत बांधून ठेवतात. आधी वाळवा, मग बंद करा! आम्ही उलटं करत होतो. आता मेमध्ये बाहेर फोडी वाळतात तेव्हा ओसरीच्या सावलीत कागद पसरतो. उन्हात नाही, शाई उडते. मग ते रबरी कडेच्या हवाबंद डब्यात, सोबत अर्धा किलो जेल, आणि डबा तिजोरीत. भिंतीची ओल डब्याबाहेरच राहते. जेल नारिंगी घ्यावं. निळ्यात कोबाल्ट क्लोराइड असतं, ते घरात नको. रंग उतरला की 110-120 अंशाला तापवून जेल पुन्हा वापरता येतं, पण भांडं वेगळं ठेवा. आईचा तवा घेऊन मी बोलणी खाल्ली आहेत.

चांदीचा डबा निराळा. ती काळी पडते गंधकामुळे, ओल त्याला हातभार लावते. आई साखळ्यांना रबरबँड गुंडाळायची, आणि रबरात गंधक! आता मऊ सुती कापड.

गेल्या ऑगस्टमध्ये तिजोरीत 82 होते, डब्यात 48. मीटर बघायचं काम आईकडे आहे. फोन केला की ती आधी पाऊस किती झाला ते सांगते, मग आकडा, आणि मग विचारते जेवलास का.