‘कमळ’ राहू द्या, आधी ‘हप्ता’ शिकवा!

साक्षरता वर्ग म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर एकच चित्र येतं. फळ्यावर कमळाचा ‘क’, समोर पदर सावरत बसलेल्या बायका आणि सगळ्यांचा एक सूर. आमच्या गावातल्या समाजमंदिरात मी आणि माझ्या दोन मैत्रिणी गेली काही वर्षं दुपारी असा वर्ग चालवतो. येणाऱ्यांत भाजी विकणाऱ्या आहेत, धुणीभांडी करणाऱ्या आहेत, नातसून आलेल्या दोन आज्याही आहेत. एक अनुभव मात्र ठरलेला. सुरुवातीला वीस-बावीस जणी यायच्या, महिन्याभरात सात-आठ उरायच्या. विचारलं की उत्तर तयार, “येळ न्हाई ताई.” आता या बायकांना वेळ नसतो, हे खोटं नाही. पण त्याच बायका संध्याकाळी हरिपाठाला तासभर बसतात, तेव्हा तो कुठून येतो?

खरं कारण एका मावशींनी सांगितलं. “कमळ वाचून मी काय करू वो? आमच्या हिरीत बी न्हाई कमळ. मला गटाच्या वहीतला हप्ता वाचायचाय.”

आता ‘हप्ता’ म्हणजे जोडाक्षर, आणि जोडाक्षरं शेवटी शिकवायची, ही आपली शाळेपासूनची समजूत. पण मैत्रिणींनो, आपल्याकडे बायकांची नावं तरी कशी असतात बघा. लक्ष्मी, द्वारका, कृष्णा, रुक्मिणी! म्हणजे या बिचारीनं स्वतःचं नाव लिहायला शेवटच्या धड्यापर्यंत थांबायचं का?

आम्ही फळ्यावर ‘हप्ता’ लिहिला. आधी अर्धा तास नुसत्या गप्पा झाल्या. कुणाचे किती हप्ते राहिलेत, व्याज कसं धरतात, चुकला तर दंड किती. मग शब्द फोडला. ह, प, त आणि काना. यातून आणखी काय काय होतं ते तुम्हीच शोधा, म्हटलं. ‘हात’ निघाला, ‘पत’ निघाली आणि मागून कुणीतरी ओरडलं, “ताप!” हप्त्यातून ताप निघाल्यावर जो हशा पिकला, तो समाजमंदिराबाहेर ऐकू गेला असेल.

ही काही आमची नवी युक्ती नव्हे. ब्राझीलमधल्या पाउलो फ्रेअरी या शिक्षणतज्ज्ञांनी साठच्या दशकात हेच केलं. शिकणाऱ्यांच्या रोजच्या जगण्यातले शब्द आधी गोळा करायचे, त्यावर बोलायचं, मग ते फोडून नवे शब्द करायचे. त्यांच्या पद्धतीतला एक गाजलेला शब्द म्हणजे ‘टिजोलो’, अर्थात वीट. त्यातल्या अक्षरांपासून पोर्तुगीज भाषेत ‘दुकान’ हा शब्द होतो आणि ‘संघर्ष’ही. १९६३ साली अँजिकोस गावात सुमारे तीनशे प्रौढांना त्यांनी अवघ्या चाळीस तासांच्या वर्गात लिहा-वाचायला शिकवलं. त्या वेळी तिथे निरक्षराला मतदानाचा हक्क नव्हता, म्हणून या वर्गांची धास्ती किती असेल पाहा! १९६४मध्ये लष्करानं सत्ता घेतल्यावर कार्यक्रम बंद पडला आणि फ्रेअरी तुरुंगात गेले.

आपल्या मातीतलं उदाहरण तर त्याहून शंभर वर्षं जुनं आहे. फुले दांपत्याच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवेचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. जेमतेम तेरा-चौदा वर्षांची पोर. निबंध गायीवर किंवा पावसाळ्यावर नव्हता, मांग-महारांच्या दुःखावर होता. तीन वर्षांच्या शिक्षणात तिच्या हाती नुसती अक्षरं आली नव्हती, एवढं तर दिसतंच.

आता आमच्या वर्गात प्रत्येकीची स्वतःची ‘शब्दांची वही’ आहे. आठवड्याला प्रत्येकीनं आपल्याला हवा तो शब्द आणायचा. सातबारा, पेन्शन, मिरची, साखर (ही मधुमेहाची बरं का!), सुनेचं नाव. वर्गाची वेळही त्यांनीच बदलून घेतली आणि बाजाराच्या दिवशी सुट्टी ठरवली. एकमेकींच्या वह्या त्याच तपासतात, आणि मास्तरांपेक्षा कडक तपासतात!

पण सगळं शिकणाऱ्यावर सोडलं की शिकवणारी मोकळी, असं कुणी समजू नये. उलट काम वाढतं. कोणती अक्षरं येऊन गेली, कोणती राहिली, याची नोंद ठेवावी लागते. ‘ढ’ स्वतःहून कुणीच आणत नाही. मग ‘ढेकूण’ आम्ही हळूच सोडतो. परीक्षेचाही विचार करावा लागतो. १९८८च्या साक्षरता अभियानाचा भर पंधरा ते पस्तीस वयावर होता. पस्तिशीपुढच्या बाईनं काय करायचं कोण जाणे! २०२२पासूनच्या नवभारत साक्षरता कार्यक्रमात मात्र पंधरा वर्षांपुढचं कुणीही बसू शकतं. वाचन, लेखन, संख्याज्ञान असे पन्नास-पन्नास गुण. आमच्या आज्या पासष्टीला परीक्षा देऊन आल्या.

त्या मावशींचं पुढे काय झालं? त्यांनी गटाच्या बैठकीत वही मागितली. बोट ठेवून ठेवून स्वतःच्या नावापुढचे हप्ते वाचले. श्रावणात भरलेला एक हप्ता वहीत नव्हताच. बरीच वादावादी झाली. शेवटी नोंद झाली आणि यापुढे दर बैठकीत सगळ्या नोंदी मोठ्यानं वाचायच्या, असं बायकांनी ठरवलं. वही सांभाळणाऱ्या बाई तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत. “तुम्ही बायकांना शेफारून ठेवलंत,” हे त्यांचं शेवटचं वाक्य.

वर्गाला हल्ली सतरा-अठरा जणी टिकून आहेत. या आठवड्यात फळ्यावर ‘वारस’ हा शब्द आहे. अक्षरं सोपी, त्यामुळे ‘वार’, ‘रस’, ‘वास’ पटापट निघाले. ज्या ताईंनी तो आणला, त्या मात्र त्यावर अजून काही बोललेल्या नाहीत. कुणी विचारलेलंही नाही. वहीचं ते पान त्यांनी पुन्हा पुन्हा गिरवून भरवलंय.