पोर्तुगीज आरमारातले फरारी

सोळाव्या शतकात लिस्बनहून गोव्याला पोहोचायला सहा महिने लागत. वाटेत तापाने आणि स्कर्व्हीने माणसे दगावत. जी उतरत त्यांच्यापुढे पहिला प्रश्न पोटाचा असे. पावसाळ्यात आरमार बंदरात अडकले की शिपायांचा पगार थांबे. मग कुणा बड्या सरदाराच्या पंक्तीला बसायचे, नाहीतर उपास काढायचा. खाडीपलीकडे आदिलशाही मुलूख होता. तोफ ओतणारा, बार भरणारा किंवा जहाज बांधणारा फिरंगी तिथे चांगल्या पगारावर हातोहात ठेवून घेतला जाई. फरारी व्हायला एवढे कारण पुरेसे होते.

वास्को द गामाच्या दुसऱ्या सफरीत आलेले मिलानचे दोन कारागीर 1503 च्या सुमारास कालिकतच्या राजाकडे, झामोरीनकडे, निघून गेले आणि त्याला तोफा ओतून देऊ लागले. पोर्तुगीजांनी त्यांना परत आणण्यासाठी माफीचे आमिष दाखवले, पण परतण्यापूर्वीच ते मारले गेले.

गोव्यातले प्रकरण याहून गाजले. नोव्हेंबर 1510 मध्ये पोर्तुगीज गव्हर्नर अफोंसो द अल्बुकर्कने गोवा घेतला आणि पुढच्या वर्षी तो मलाक्क्याच्या मोहिमेवर गेला. त्याच्या पाठीमागे आदिलशाही फौजेने गोवा बेटाच्या पूर्व टोकाला, बाणस्तारीला, किल्ला उभारला आणि शहराची कोंडी केली. या काळात काही पोर्तुगीज शत्रूला जाऊन मिळाले, मुसलमान झाले आणि आपल्याच लोकांविरुद्ध लढले. त्यांत फर्नांव लोपिश होता. उलट दिशेनेही माणसे येत होती. आदिलशाही चाकरीत असलेला जुआंव माशादु नावाचा हद्दपार कैदी याच सुमारास पोर्तुगीजांकडे परतला आणि त्याचा सन्मान झाला.

1512 मध्ये परतलेल्या अल्बुकर्कने बाणस्तारीला वेढा घातला. किल्लेदार रसूलखानाने फरारी स्वाधीन केले, ते त्यांचे प्राण न घेण्याच्या अटीवर. अल्बुकर्कने ही अट अक्षरशः पाळली: प्राण घेतले नाहीत. नाक, कान, उजवा हात आणि डाव्या हाताचा अंगठा मात्र कापला. पुन्हा कोणी शत्रूची तोफ डागू नये आणि पाहणाऱ्याला दहशत बसावी, असा दुहेरी हिशेब त्यामागे होता. लोपिश पुढे पोर्तुगालला निघाला, पण त्या तोंडाने घरी जाणे त्याला जमले नाही. वाटेत सेंट हेलेना या निर्जन बेटावर तो उतरला आणि मधली एक युरोपवारी सोडली तर 1545 मध्ये मरेपर्यंत तिथेच राहिला.

या दहशतीने पळापळ थांबली नाही. म्हणून पुढचे व्हाइसरॉय वेळोवेळी माफीचे जाहीरनामे काढू लागले: परत या, गुन्हा माफ. राजद्रोहासारखे गुन्हे तेवढे वगळले जात. 1560 मध्ये गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचे धर्मन्यायालय, आले. धर्म बदललेला फरारी आपण होऊन हजर झाला तर तेही त्याला हलकी शिक्षा देऊन पुन्हा पदरात घेई. राज्याला माणसांची चणचण इतकी होती, की सूड परवडत नव्हता.

शतकभराने हाच पेच कल्याणला उभा राहिला. शिवाजी महाराजांनी 1657 मध्ये कल्याण-भिवंडी घेतल्यावर तिथे जहाजे बांधायला सुरुवात केली. कामावर रुई लैतांव व्हिएगश आणि त्याचा मुलगा होता. त्यांच्याबरोबरची पोर्तुगीज माणसे बायकापोरांसह 340 च्या आसपास होती. हे लोक आरमारातून पळालेले नव्हते, पण पोर्तुगीज प्रजाजन होते. जहाजे जंजिऱ्याच्या सिद्दीविरुद्ध आहेत असे सांगितले जात असले तरी उद्या ती आपल्यावरच येतील, हे वसईच्या कप्तानाने ओळखले. त्याने इथे बळ वापरले नाही, आणि दुसऱ्याच्या मुलखात ते चालणारही नव्हते. व्हिएगशला निरोप धाडून, समजावून त्याने त्याला फोडले. 1659 मध्ये ही सारी मंडळी रात्रीतून काम टाकून, तेव्हा पोर्तुगीजांच्याच ताब्यात असलेल्या मुंबईकडे निघून गेली. बाणस्तारीच्या कत्तीपेक्षा हा उपाय कितीतरी कुशल होता.

कल्याणचे काम मात्र त्यामुळे बंद पडले नाही. फेब्रुवारी 1665 मध्ये महाराज बसरूरच्या स्वारीवर गेले, तेव्हा त्यांच्याबरोबर 85 गलबते आणि 3 मोठी जहाजे होती.